एल्कच्या वाटेवर घोडे पाळताना : आधी गंजी, मग कुंपण

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोंटाना राज्यातील लिव्हिंगस्टन गावाच्या दक्षिणेला, पॅराडाइज व्हॅलीमध्ये, एका मराठी कुटुंबाने आठ एकर जागा घेतली असून त्यांच्याकडे एक घोडी आणि एक खच्ची केलेला घोडा आहे. पहिल्याच हिवाळ्यात साठेक एल्कचा, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचा, कळप रात्री आवारात येऊ लागला, वैरण संपली, दोन ठिकाणी कुंपण तुटले आणि घोडीच्या मागच्या पायाला तारेची जखम झाली. एल्कमुळे घोड्यांना रोग होतील का, नर शिंगांनी मारेल का आणि संपूर्ण जागेला उंच जाळी घालावी का, असे त्यांनी विचारले आहे. माझे पशुवैद्यकाचे शिक्षण परळच्या महाविद्यालयात झाले आणि गेली एकवीस वर्षे मी याच भागात घोड्यांवर उपचार करीत आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो.

आपण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी रोग आणि शिंगे यांचे भय मला सर्वांत कमी वाटते. शिंगाने भोसकलेला घोडा इतक्या वर्षांत माझ्याकडे एकदाच आला. तारेने पाय चिरलेले घोडे मात्र दर हिवाळ्यात येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जखमांची सुरुवात उघड्या गंजीपासून झालेली असते. एल्क गंजीसाठी येतो, येता-जाता तार तोडतो आणि त्या तुटलेल्या तारेत दोन-चार दिवसांनी घोडा अडकतो. त्यामुळे कुंपणावर खर्च करण्याआधी गंजीचा बंदोबस्त करावा, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

नावाचा एक घोळ आधी दूर करतो, कारण आपण पाठवलेल्या मजकुरात एके ठिकाणी ‘सांबर’ असा शब्द आला आहे. युरोपात ज्याला एल्क म्हणतात त्याला अमेरिकेत मूस म्हणतात. आपल्या दारात येतो तो वापिटी, ज्याला अमेरिकेत एल्क म्हणतात. काश्मिरातला हंगूल हा त्याचा जवळचा नातलग म्हणता येईल. सांबर त्याच कुळातले असले तरी बरेच दूरचे. सांबर बहुधा एकेकटे किंवा दोनचारांच्या गटाने फिरते, तर एल्क हिवाळ्यात मोठ्या कळपाने डोंगरावरून दरीत उतरतो, आणि त्याच्या उतरण्याच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. आपली आठ एकर जागा बहुधा अशाच एका वाटेवर आहे. जागा विकणाऱ्याने हे सांगितले नसेल, पण पहिल्या बर्फानंतर खुरांचे ठसे ते सांगतातच.

आता गंजीचा हिशेब करून पाहा. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे नऊ किलो सुके गवत लागते. नोव्हेंबर ते एप्रिल असे 180 दिवस धरले, तर दोन घोड्यांसाठी सव्वातीन टनांच्या आसपास गवत साठवावे लागते. सव्वादोनशे किलोची एल्क मादी रात्रीला सहा-सात किलो सहज खाते. म्हणजे साठांचा कळप एका रात्रीत चारशे किलो संपवू शकतो आणि अख्ख्या हिवाळ्याची बेगमी आठवड्याभरात उडते. शिवाय जेवढे खातात तेवढेच तुडवतात आणि त्यावर मुततात, आणि ते गवत घोडा तोंडात घेत नाही. मग मालक घाईघाईने मिळेल तिथून दुसरे गवत आणतो, कधी बुरशीचे, कधी एकदम कसदार अल्फाल्फा (लसूणघास), आणि घोड्याचे पोट दुखू लागते. वैरणीतला अचानक बदल हे पोटशूळाचे नेहमीचे कारण आहे. फेब्रुवारीत मला रात्री येणाऱ्या फोनचा उगम असा कित्येकदा नोव्हेंबरमध्ये उघड्या ठेवलेल्या गंजीत असतो.

गंजीभोवती आठ फूट, म्हणजे साधारण 2.4 मीटर उंचीची विणलेली जाळी हवी. सहा फुटांवरून मोठी एल्क उडी घेते, त्यामुळे सहा फुटांवर भागवण्यात अर्थ नाही. फाटकही तितकेच उंच असावे आणि फाटकाखाली फट राहू नये; आठ फुटांच्या जाळीला पाच फुटांचे फाटक बसवलेली आवारे मी पाहिली आहेत आणि कळपाला ते फाटक शोधायला एक रात्रही लागली नव्हती. जागा निवडताना वाऱ्याकडे लक्ष द्यावे. लिव्हिंगस्टनचा नैर्ऋत्येकडून येणारा वारा आपण अनुभवला असेलच. त्या वाऱ्याने उडालेला बर्फ इमारतीच्या आडोशाला साचतो, आणि जाळीच्या पायथ्याशी चार फुटांचा कठीण ढीग झाला की आठ फुटांची जाळी चार फुटांचीच उरते. म्हणून गंजी अशा ठिकाणी घालावी जिथून वारा बर्फ वाहून नेतो. मागचा हिवाळा आठवून पाहा, अंगणात कुठे जमीन उघडी राहिली होती. जाळी उभी होईपर्यंत गवत चार भिंतींच्या आत, अगदी मोटारीच्या गॅरेजमध्ये ठेवावे लागले तरी ठेवावे.

राज्याच्या वन्यजीव विभागाकडून अशा नुकसानीसाठी मदत मिळू शकते. गंजीच्या कुंपणाचे साहित्यही काही वेळा दिले जाते. मात्र जमीनमालकाने आपल्या जागेत सार्वजनिक शिकारीला वाजवी वाव दिलेला असावा, अशी त्यात अट असते, आणि आठ एकरांच्या जागेला ती लागू करणे अवघड जाते. तरीही तिथल्या जीवशास्त्रज्ञाला फोन करावा, कारण कळप कुठून येतो आणि कुठे जातो हे त्या माणसाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. एक चूक मात्र कृपा करून करू नये: ‘बिचाऱ्यांना थोडे बाहेर टाकू, म्हणजे गंजीला हात लावणार नाहीत’ हा विचार. मोंटानात एल्कला खाऊ घालणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एकदा खायला मिळाले की कळप वाट बदलत नाही, उलट मुक्काम करतो.

घोड्यांची रोजची वैरणही याच दृष्टीने द्यावी. मोकळ्या रानात जमिनीवर पसरून टाकलेले गवत म्हणजे कळपाला आमंत्रण. एल्क प्रामुख्याने संध्याकाळ ते पहाट या वेळात येतात, म्हणून दिवसाची वैरण अंधार पडण्यापूर्वी संपेल इतकीच बाहेर द्यावी आणि रात्रीची तबेल्यालगतच्या बंदिस्त आवारात, जाळीच्या पिशवीतून द्यावी. रात्री घोड्याला उपाशी ठेवून प्रश्न सोडवू नये. त्याच्या पोटाची रचनाच सतत थोडेथोडे खाण्याची आहे. मिठाचा दगड बाहेर ठेवत असाल तर आजच आत घ्यावा.

आता तारेकडे येतो. आपल्या घोडीच्या जखमेचे छायाचित्र पाहताच मला ती कशी झाली असेल याचा अंदाज आला. एल्क कुंपण ओलांडते तेव्हा पुढचे पाय नीट पलीकडे जातात, पण थकलेल्या किंवा घाबरलेल्या जनावराचे मागचे पाय कमी पडतात. खूर वरच्या तारेखाली आणि दुसऱ्या तारेवरून जातो, दोन्ही तारांना पीळ बसतो आणि पाय चिमट्यात सापडतो. जनावर सुटले तर तार खांबावरून उखडते. न सुटले तर सकाळी ते तिथे लटकलेले आढळते. उखडलेली तार सैल होऊन जमिनीवर पडते, रात्रीत तिच्यावर बर्फ बसतो आणि ती दिसेनाशी होते. तीन दिवसांनी घोडी त्या जागी बर्फ उकरून गवत शोधते, तारेचे वेटोळे खुराच्या वरच्या अरुंद भागात अडकते आणि ती मागे खेचते. गाय अडकली तर बहुधा उभी राहते. घोडा तसा नाही. त्याचा स्वभाव सुटेपर्यंत खेचण्याचा, आणि त्या खेचण्याने तार करवतीसारखी चालते. माझ्या पहिल्या वर्षी उणे पंचवीस अंशांत, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात, एका घोडीच्या पायातून मी काटेरी तार काढली. शीर वाचली होती म्हणून ती घोडी पुढे चालली, पण त्या जखमेने नऊ महिने घेतले. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला एल्कचे केस चिकटलेले होते.

काटेरी तार घोड्यांच्या आवारातून पूर्णपणे काढावी. जुन्या मालकांनी सोडलेली, गवतात लोळणारी तारही शोधून उचलावी. कुरणाच्या कुंपणासाठी मी असे सुचवीन: सगळ्यांत वर तारेऐवजी पाइनचा आडवा वासा, जमिनीपासून सुमारे 107 सेंटीमीटरवर, त्याखाली किमान तीस सेंटीमीटर अंतर सोडून गुळगुळीत तार, आणि सर्वांत खालची गुळगुळीत तार जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर वर, म्हणजे जूनमधली पाडसे खालून जाऊ शकतील. वासा बर्फातही दिसतो, एल्कला उडीचा अंदाज देतो, आणि त्यात पीळ बसत नाही. ही उंची घोड्यांच्या नेहमीच्या कुंपणापेक्षा कमी आहे, हे खरे. घोड्यांचे कुंपण दीड मीटरचे असावे असे आपण वाचले असेल आणि वळू घोडा असता तर मीही तेच म्हटले असते. पण सोबत असलेली, पोट भरलेली दोन शांत जनावरे वाशावरून उगाच उडी मारत नाहीत. विजेच्या पट्टीवर एकटा भरवसा ठेवू नये. ती घोड्याला रोखते, पण पळत आलेला कळप तिला पाहण्याआधीच तोडून गळ्यात घेऊन जातो.

संपूर्ण आठ एकरांना उंच जाळी घालण्याच्या मात्र मी विरोधात आहे. चौरस जागा धरली तरी सुमारे सातशे वीस मीटर जाळी लागेल, आणि एवढा खर्च करून कळपाची वाट अडवल्यावर कळप जाळीच्या कडेने शेजाऱ्याच्या जुन्या तारांवर जातो. त्याहून वाईट म्हणजे एखादे फाटक उघडे राहिले आणि आठ-दहा जनावरे आत शिरली, तर बाहेर पडण्यासाठी ती घोड्यांसह आवारभर धावतात. असा प्रसंग मी पाहिला आहे, त्यात दोन्ही बाजूंचे नुकसान झाले. उंच जाळी फक्त गंजीला, भक्कम लाकडी किंवा पोलादी कठडा रात्रीच्या आवाराला, आणि उरलेल्या कुरणाला ओलांडता येईल असे कुंपण, अशी विभागणी करावी. हिवाळ्यात घोडे त्या आवारातच असतील तर कुरणाची फाटके चक्क उघडी ठेवावीत. कळप कुठून ओलांडतो हे तारेला चिकटलेल्या पिवळट केसांवरून आणि खुरांच्या पायवाटेवरून कळते; फाटक किंवा आडवे पाडता येणारा कुंपणाचा तुकडा नेमका तिथे ठेवावा. रात्री कळप गेला की सकाळी पूर्ण फेरी मारावी, आणि ती पायी मारावी, मोटारीतून नव्हे.

रोगांबद्दल आपण बरेच वाचून घाबरला आहात, म्हणून सावकाश सांगतो. यलोस्टोनच्या आसपासच्या एल्कमध्ये ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा जंतुरोग आहे, आणि त्यासाठी आपल्या पार्क काउंटीसह एकूण चार काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) काही भागात गुरांवर विशेष निगराणी ठेवली जाते. तो मुख्यतः गाभडलेल्या गर्भातून आणि वारेतून, साधारण फेब्रुवारी ते जून या काळात पसरतो. घोड्याला तो क्वचितच होतो. झाला तर खांद्यावरच्या उंचवट्यात किंवा कानांमागे डोक्याच्या वरच्या भागात सूज येऊन पू वाहू लागतो. आपल्या कुरणात गाभडलेले पाडस दिसले तर घोड्यांपेक्षा आपल्या स्वतःच्या हातांची काळजी अधिक घ्यावी, कारण माणसाला या जंतूने महिनोन्‌महिने उलटणारा ताप येतो. हात न लावता, कुत्र्याला दूर ठेवून, वन्यजीव विभागाला कळवावे. शेजारी गुरे पाळत असेल तर त्यालाही सांगावे, त्याचे खरे नुकसान होऊ शकते.

क्षयकारक मज्जारोग, म्हणजे हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार, ज्याला इथे लोक ‘झॉम्बी डिअर’चा रोग म्हणतात, तो 1967 मध्ये कोलोरॅडोत पाळीव हरणांमध्ये प्रथम लक्षात आला आणि मोंटानाच्या रानात 2017 मध्ये सापडला. नैसर्गिकरीत्या तो झालेला घोडा आजवर ज्ञात नाही. मिठाचा दगड आत घ्यायला सांगितला त्याचे एक कारण मात्र हाच रोग: त्याचा कारक घटक लाळेतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो, तेव्हा शंभर एल्कनी चाटलेला दगड आपण कुरणात का ठेवावा?

ज्याची मी खरोखर काळजी करतो ती गोचीड. हिवाळी गोचीड नावाची एक जात एल्क, मूस आणि घोडा या तिघांवरही जगते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची मोहरीपेक्षा लहान पिल्ले गवताच्या टोकांवर झुबक्याने बसलेली असतात, अंगावर चढली की पुढचे सगळे टप्पे त्याच जनावरावर काढतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षासारखी फुगतात. हिवाळी केसांखाली ती दिसत नाहीत. घोडा खांबाला अंग घासू लागला, आयाळ विरळ झाली, हिरड्या फिकट दिसू लागल्या, की मालक म्हणतो, थंडीने उतरला असेल. म्हणून ऑक्टोबरपासून खरारा करताना बोटे केसांत मुळापर्यंत घालून आयाळीखाली, जबड्याखाली, शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या पायांच्या मध्ये चाचपावे. दाण्यासारखे काही लागले तर पाहावे. घोड्यांसाठी मान्यता असलेले परमेथ्रिनचे औषध वेळेवर लावले तर एवढ्याने भागते.

जंतांची चिंता करू नये. घोड्याचे बहुतेक जंत एल्कच्या पोटात जगत नाहीत आणि एल्कचे घोड्याच्या; पोटातला एक बारीक जंत तेवढा दोघांत सामाईक आहे. लिदीची तपासणी करून औषध द्यावे, एल्कच्या लेंड्या पाहून देऊ नये. मेलेले जनावर मात्र पाण्याच्या टाकीजवळ किंवा गवताजवळ पडू देऊ नये. कुजलेल्या मांसात तयार होणारे बोट्युलिझमचे विष घोड्याला फार थोड्या मात्रेत मारते, आणि आपल्या दरीत त्या मढ्यामागे अस्वलही येते.

स्वभावाचा भाग राहिला. सपाट प्रदेशातून आणलेला घोडा पहिल्यांदा एल्कच्या वासाने बुजतो, दृश्याने नंतर. त्याला भक्कम आवारातून, दिवसाउजेडी, सोबत्यासह कळप पाहू द्यावा. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेक घोडे खाली मान घालून खाऊ लागतात. सप्टेंबरमध्ये माजावर आलेल्या नराची आरोळी नव्या घोड्याला सर्वांत जास्त घाबरवते. ती खालच्या सुरात सुरू होऊन शिट्टीसारखी चढत जाते आणि शेवटी घशातल्या खाकरण्यात संपते. एवढ्या मोठ्या देहातून तो बारीक आवाज येतो यावर माझाही पहिल्या वर्षी विश्वास बसला नव्हता. त्या महिनाभर पहाटे झाडीतून रपेट टाळावी. एकटा नर कधीकधी घोडीभोवती रेंगाळतो, तेव्हा आपण पायी मध्ये जाऊ नये. घोडीला दाण्याची बादली वाजवून आत बोलवावे. जूनमध्ये पाडस गवतात लपवून ठेवलेली मादी पुढच्या खुरांनी मारते, आणि कुत्रा तिला लांडग्यासारखाच वाटतो. तिने पाठलाग केला की कुत्रा धावत आपल्याकडेच येतो, एवढे लक्षात ठेवावे. ऑक्टोबरअखेरपासून बंदुकीच्या शिकारीचे पाचेक आठवडे असतात. त्या काळात आपल्या अंगावर आणि घोड्यावरही भडक नारिंगी कापड असावे, विशेषतः घोडी बदामी रंगाची असल्यामुळे.

घोडीच्या जखमेविषयी: धनुर्वाताच्या लसीची तारीख आजच तपासावी आणि टाके नसले तरी पट्टी बदलण्याचे अंतर आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काटेकोर पाळावे, कारण पायाच्या खालच्या भागात जखमेवर मांस वाढून बाहेर येते आणि ते वेळेवर आवरले नाही तर कातडी मिटत नाही. तबेल्याच्या दाराशी तार कापायची मोठी पक्कड खिळ्याला टांगून ठेवावी. घोडा तारेत सापडलेला दिसला तर तार ओढून काढू नये. एकाने डोके धरून शांत बोलत राहावे, दुसऱ्याने पायाच्या दोन्ही बाजूंना तार कापावी, आणि जखमेत रुतलेला तुकडा आम्ही येईपर्यंत तसाच ठेवून वर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे.

शेवटी आपण विचारले आहे की मार्चमध्ये घोडा आणि काही माद्या एकाच कुरणात चरताना दिसतात, तेव्हा त्यांना हाकलावे का. माना खाली आणि कान सैल असतील तर काही करू नये. कळपातल्या एखाद्या मादीने मान ताणून उंच केली आणि भुंकल्यासारखा एकच आवाज काढला, तर झाडीत काहीतरी आहे असे समजून घोडे आत घ्यावेत.